धंदा करावा की नाही? : एक हिशेब

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून वाचलेली आहे. गंमत अशी की, ती फळ्यावर लिहिणारे गुरुजी स्वतः नोकरीत होते, ती घरी ऐकवणारे वडील मुलाला नोकरी लागावी म्हणून सिद्धेश्वराला साकडे घालत होते, आणि दहा एकर बागायत असलेला शेतकरी आपल्या मुलीला नोकरदारच नवरा पाहिजे म्हणून हटून बसला होता. म्हण एकीकडे आणि व्यवहार दुसरीकडे, असे हे फार दिवसांपासून चालत आले आहे.

पदवीचे शेवटचे वर्ष सुरू झाले की हा प्रश्न आपल्या दारात येऊन उभा राहतो. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जागा धरावी, बी.एड.ला जावे, की आपले काही सुरू करावे? सल्ला देणाऱ्यांची वाण नसते. एक काका सांगतात, ‘दुसऱ्याची चाकरी कशाला? मर्दासारखा धंदा कर.’ दुसरे काका सांगतात, ‘आपल्यात कोणी धंदा केला आहे? तो आपला प्रांत नव्हे.’ वरवर पाहता ही दोन मते परस्परविरोधी वाटतात. परंतु दोघेही काका एकाच गोष्टीविषयी बोलत असतात, ती म्हणजे हिंमत. एकाच्या मते ती आपल्यात असली पाहिजे, दुसऱ्याच्या मते ती आपल्यात नाही, एवढाच काय तो फरक.

हिंमत लागते हे खरेच. तथापि हिंमत ही हिशेबानंतर लागणारी गोष्ट आहे. धंदा करावा की नाही, हा प्रश्न प्रथम हिशेबाचा आहे, आणि तो हिशेब कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही कागद-पेन्सिल घेऊन मांडता येतो. त्यात एक रकमेचा खाना असा असतो, की जो बहुधा कोरा सोडला जातो. तो खाना कोणता, हे दाखवणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ठरलेले आणि न ठरलेले

धंदा म्हणजे नेमके काय, याचे सर्वांत सोपे उत्तर अडीचशे वर्षांपूर्वीचे आहे. रिचर्ड कँटिलॉन या मूळच्या आयरिश, पण पॅरिसमध्ये सावकारी केलेल्या अर्थशास्त्रज्ञाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७५५ साली प्रसिद्ध झाला. त्याने समाजातील माणसांची विभागणी केली ती अशी : काहींचे उत्पन्न ठरलेले असते, काहींचे ठरलेले नसते. जो ठरलेल्या भावाने विकत घेतो आणि न ठरलेल्या भावाने विकतो, तो उद्योजक.

या व्याख्येचा अर्थ कळण्यासाठी पॅरिसला जाण्याची गरज नाही. आपल्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतला यंत्रमागधारक सूत आजच्या भावाने घेतो, विजेचे बिल आणि कामगाराची मजुरी ठरलेल्या दराने देतो. पण त्या सुताचा टॉवेल तयार होऊन बाजारात जाईल तेव्हा त्याला काय भाव येईल, हे त्याला ठाऊक नसते. बाकी सर्वांचे पैसे देऊन झाल्यावर जे उरते ते त्याचे. उरले तर नफा, नाही उरले तर तेही त्याचेच. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट याने १९२१ साली या विचारात आणखी भर घातली. ज्याचे मोजमाप करता येते तो धोका. आग, चोरी, अपघात यांचा विमा उतरवता येतो. ज्याचे मोजमापच होत नाही ती अनिश्चितता. तिचा विमा कोणी उतरवत नाही. नफा मिळतो तो ही अनिश्चितता अंगावर घेतल्याबद्दल.

यावर कोणी म्हणेल, मग नोकरीच बरी. येथे सोलापूरकराने क्षणभर थांबले पाहिजे. नोकरीचे उत्पन्न ठरलेले असते, हे बरोबर. पण नोकरी कायमची असते, असे म्हणायला आपले शहर तयार होणार नाही. मुंबईच्या मोरारजी गोकुळदासांनी काढलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली ‘जुनी मिल’, १८७७ साली चालू झाली. पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या आणि भोंग्यावर घड्याळ लावणारे हे गाव झाले. गिरणीत चिकटला म्हणजे जन्माचे कल्याण झाले, असे त्या काळी मानत. ती जुनी मिल १९४९ साली बंद पडली. हजारो कामगारांचा प्रश्न उभा राहिला म्हणून केंद्र सरकारने १९५० साली खास वटहुकूम आणि नंतर कायदा करून तिचा कारभार हाती घेतला. त्या कायद्याविरुद्ध एका भागधारकाने सर्वोच्च न्यायालयात केलेला दावा आजही राज्यशास्त्राच्या आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांना समानतेच्या हक्काच्या प्रकरणात वाचावा लागतो. गिरणी पुन्हा चालू झाली, पण टिकली नाही. आणि पुढील काळात इतर गिरण्यांचे भोंगेही एकेक करून थांबले.

तात्पर्य, अनिश्चितता दोन्हीकडे आहे. फरक असा की, नोकरीत ती दुसऱ्याच्या हातात असते आणि तिची चाहूल आपल्याला शेवटी लागते. धंद्यात ती रोज आपल्या वहीत दिसते. म्हणून ‘सुरक्षित काय?’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ‘कोणती अनिश्चितता मला पेलेल?’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे.

वालचंदांचा पूर्वार्ध

सोलापुरात उद्योगाचा विषय निघाला की शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव निघाल्याशिवाय राहत नाही. त्यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. आगबोटी, विमाने आणि मोटारी या तिन्ही उद्योगांचा भारतात पाया घालणारा माणूस आपल्या गावचा, याचा आपल्याला अभिमान आहे. सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली, तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. त्या कंपनीतले त्यांचे सहकारी नरोत्तम मोरारजी हे जुनी मिल काढणाऱ्या मोरारजी गोकुळदासांचेच पुत्र होत. १९४० साली बंगळूरला विमानाचा कारखाना, १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या गोदीची कोनशिला, १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स, ही यादी भाषणांत नेहमी ऐकू येते.

परंतु ज्याला स्वतःचा निर्णय घ्यावयाचा आहे त्याने हा उत्तरार्ध बाजूला ठेवून पूर्वार्ध वाचावा. वालचंदांचे घराणे कापसाच्या व्यापारातले आणि सावकारीतले. पदवीचे शिक्षण अर्धवट सोडून ते घरच्या पेढीवर आले. तेथे त्यांचे मन रमले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत ते रेल्वेच्या बांधकामाच्या ठेकेदारीत शिरले, ते लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याबरोबर भागीदारी करून. फाटक हे पूर्वी कारकून होते. त्यांना ठेकेदारीचे काम कळत होते, पण भांडवल नव्हते. वालचंदांच्या मागे पेढीची पत होती, पण काम कळत नव्हते. ‘फाटक-वालचंद’ ही पेढी या दोन उणिवांच्या बेरजेतून उभी राहिली, आणि पहिले काम मिळाले तेही लांबचे नव्हे. आपल्याच भागातील बार्शी लाइट रेल्वेचे.

यातून दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की, वालचंदांनी आरंभी आगबोटीचे स्वप्न पाहिले नाही. जवळचे, मोजता येण्याजोगे आणि ज्याचे पैसे कोण देणार हे ठाऊक असलेले काम घेतले. दुसरी गोष्ट आपल्यासारख्यांना जरा बोचेल. त्यांच्या पाठीशी घरची पत होती. पहिला ठेका बुडाला असता तरी घरची चूल विझली नसती. ज्याच्या पाठीशी अशी पेढी नाही त्याने वालचंदांचे धाडस डोळे मिटून उचलू नये. त्यांची पद्धत मात्र जरूर उचलावी : आपल्यात काय नाही हे ओळखणे, आणि ते ज्याच्यात आहे त्याला सन्मानाने बरोबर घेणे.

बेळगावचे सायकलींचे दुकान

पाठीशी पेढी नसेल तर काय करावे, याचे उत्तर दुसऱ्या एका मराठी उद्योगपतीच्या चरित्रात सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ १८८८ साली बेळगावात झाला असे मानतात. हा आरंभ कसा होता? लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेत आणि बेळगावला थोरल्या बंधूंकडे, रामुअण्णांकडे, पाठवीत. रामुअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. म्हणजे पगार चालू, आणि दुकानही चालू. पुढे बढतीच्या वेळी लक्ष्मणरावांना डावलले गेले, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. परंतु तोवर तेथे ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ची पाटी लागलेली होती. राजीनामा रागातून आला असेल, दुकान मात्र रागातून आलेले नव्हते.

लोखंडी नांगराची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि नांगर खपायला दोन वर्षे वाट पाहावी लागली. आज आपण त्या दोन वर्षांचा चिकाटी म्हणून गौरव करतो. पण ती दोन वर्षे घरात धान्य कशावर आले, हे विचारले पाहिजे. कडबा कापण्याचे यंत्र आणि इतर किरकोळ कामे चालू होती म्हणून नांगराला थांबता आले. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी जमीन आणि कर्ज दिले, आणि १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. चिकाटीलाही खर्चाला पैसे लागतात, ते कोठून येणार हे आधी पाहावे लागते.

लक्ष्मणरावांनी सहजगत्या जे केले त्याला अलीकडे संशोधनाचा आधारही मिळाला आहे. नोकरी सांभाळून धंदा सुरू करणारे आणि नोकरी सोडून थेट उडी घेणारे, अशा दोन गटांची तुलना अमेरिकेतील दोन संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केली. पहिल्या गटात धंदा बंद पडण्याचा संभव सुमारे एकतृतीयांशाने कमी आढळला. ‘पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही’ हे खरे. पण पहिल्या दिवशी कंबरभर पाण्यात उतरावे, असेच विहिरीवरची जुनी माणसे सांगत आली आहेत.

शेंगा चटणीचा हिशेब

आता आपण प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. उदाहरण आपल्या गावचेच घेऊ. समजा, बी.ए. झालेल्या एका मुलीने शेंगा चटणी करून दुकानदारांना द्यावयाचे ठरवले आहे. पुढील सर्व आकडे केवळ समजुतीसाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपापले आकडे बाजारात विचारून घालावेत.

एक किलो चटणीला शेंगदाणे, तिखट, लसूण, जिरे, मीठ आणि पिशवी मिळून २१० रुपये लागतात. दुकानदार २८० रुपयांनी घेतो. म्हणजे किलोमागे ७० रुपये सुटतात. माल विको अगर न विको, दरमहा होणारा खर्च असा : खोलीचे भाडे ३,००० रुपये, कांडप यंत्राचा हप्ता आणि वीज २,५०० रुपये, जाण्यायेण्याचा खर्च १,५०० रुपये, एकूण ७,००० रुपये. सात हजारांना सत्तरने भागले की १०० येतात. महिन्याला १०० किलो विकले की खर्च भरून निघाला, त्यापुढे सगळा नफा! वहीवर असेच लिहिले जाते आणि घरात पेढे वाटले जातात.

परंतु एक खाना कोरा राहिला आहे. ही मुलगी दुसरीकडे काम करती तर तिला, समजा, १०,००० रुपये पगार मिळाला असता. तो तिने सोडला. म्हणजे तो धंद्याचाच खर्च झाला. अर्थशास्त्राच्या पुस्तकात आपण ज्याला संधी-खर्च म्हणतो तो हाच. आई रोज दुपारी शेंगदाणे भाजायला आणि पाखडायला बसते. बाहेरची बाई लावली असती तर तिला ४,००० रुपये द्यावे लागले असते. घरातले ६०,००० रुपये गुंतवले आहेत. ते बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर महिना ३५० रुपये व्याज आले असते. हे सर्व मिळवले की महिन्याचा खरा खर्च २१,३५० रुपये होतो. त्याला ७० ने भागा. १०० किलोंच्या जागी ३०५ किलो येतात.

या दोन आकड्यांमधले अंतर म्हणजे त्या मुलीचे आणि तिच्या आईचे फुकट गेलेले श्रम आहेत. महिना २०० किलो विकणारी ही मुलगी वहीत ७,००० रुपये नफा दाखवील. शेजारी म्हणतील, धंदा चांगला चालला आहे. वस्तुतः ती आणि तिची आई मिळून दरमहा ७,३५० रुपयांना मागे पडत आहेत, आणि ते कोणाच्याच लक्षात येत नाही. कारण आईच्या दुपारची किंमत आपल्या घरांत कधी लावलीच जात नाही. मागाच्या खोलीत कांड्या भरणाऱ्या बायका, दुकानात शाळा सुटल्यावर बसणारा धाकटा भाऊ, रात्री हिशेब लिहिणारी बहीण, या सर्वांच्या मजुरीवर आपल्याकडचे कितीतरी धंदे ‘नफ्यात’ असतात.

याचा अर्थ असा नव्हे की घरच्यांनी हातभार लावू नये, किंवा पहिल्या महिन्यापासून ३०५ किलो खपले पाहिजेत. आरंभीचे काही महिने कमी मिळणारच. मात्र किती कमी मिळते आहे आणि ते कोण सोसते आहे, हे लिहून ठेवावे. लिहिले की उपायही सुचतो. हीच चटणी दुकानदाराऐवजी वसतिगृहात, कार्यालयांत आणि घरोघर ३४० रुपयांनी थेट दिली, तर किलोमागे १३० रुपये सुटतात आणि ३०५ किलोंचा आकडा १६५ वर येतो. वणवण अधिक, पण माल जवळजवळ निम्मा. कोरा खाना भरला नसता तर हा विचार सुचलाच नसता.

वहीत नफा, गल्ल्यात उधारी

दुसरी एक गोष्ट वहीत दिसत नाही, ती म्हणजे वेळ. शेंगदाण्याचा व्यापारी रोख मागतो, आणि दुकानदार ‘पुढच्या फेरीला देतो’ म्हणतो. समजा, पैसे दीड महिन्याने हाती येतात. महिना २०० किलो माल जात असेल तर दीड महिन्यात ३०० किलो माल बाहेर अडकला. किलोला २१० रुपये धरले तर ६३,००० रुपये. भांडवल होते ६०,०००! वहीत नफा आहे, दुकानदारही प्रामाणिक आहे, आणि तरी उद्याच्या शेंगदाण्याला पैसे नाहीत. खप वाढला तर अडचण कमी होण्याऐवजी वाढते. ‘धंदा चांगला चालला होता, मग बंद का पडला?’ याचे उत्तर पुष्कळदा येथे असते.

२००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे खरेदीदारावर बंधनकारक केले आहे. कायदा चांगला आहे. पण कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदारावर दावा लावून त्यालाच पुढचा माल कोण विकणार? म्हणून उधारी किती दिवसांची आणि किती रकमेची, ही मर्यादा पहिल्याच दिवशी आपली आपण घालून घ्यावी. ‘आज रोख, उद्या उधार’ ही दुकानातली पाटी आपल्याला विनोदी वाटते. ती लावणाऱ्याने बहुधा ती ठेच लागल्यानंतरच लावलेली असते.

बुडाले तर किती?

आपण सारे विचारतो, ‘फायदा किती होईल?’ या प्रश्नाचे उत्तर कोणालाच देता येत नाही, आणि आपल्याला तर मुळीच नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतील जवळजवळ तीन हजार नव्या उद्योजकांना यशाचा संभव विचारण्यात आला होता. शंभरातील ८१ जणांनी आपल्याला दहात सात किंवा अधिक संधी असल्याचे सांगितले. आपल्यासारखाच धंदा करणाऱ्या इतरांना मात्र तेवढी संधी देणारे शंभरात ३९ च निघाले. वास्तविक त्या देशात नवे धंदे पाच वर्षांत सुमारे निम्मे बंद होतात. आपल्या स्वप्नाकडे पाहताना माणसाची नजर अधू होते, आणि यात सोलापूर आणि अमेरिका असा भेद नसावा.

मूळच्या भारतीय असलेल्या प्राध्यापिका सरस सरस्वती यांनी अनुभवी उद्योजकांचा अभ्यास करून २००१ साली एक वेगळी गोष्ट मांडली. मुरलेले उद्योजक संभाव्य नफ्याचे आकडे मांडत बसत नाहीत. बुडाले तर किती बुडालेले आपल्याला चालेल, हे आधी ठरवतात आणि तेवढ्यातच खेळतात. नफ्याचा आकडा अंदाजाचा असतो, पण झेपणाऱ्या तोट्याचा आकडा आपल्याला आपल्या घराकडे पाहून आजच सांगता येतो.

म्हणून सुरुवातीलाच एक रक्कम आणि एक तारीख लिहून ठेवावी. उदाहरणार्थ : ‘४०,००० रुपये किंवा पुढील वर्षाची अक्षयतृतीया, यांपैकी जे आधी संपेल तेथे थांबून पुन्हा विचार करावयाचा.’ हा कागद घरातल्या दोघांना दाखवून ठेवावा. कारण तोट्यात असलेला माणूस ‘आता इतके घातलेच आहेत, आणखी थोडे घालू’ म्हणतो, आणि त्या थोड्यामध्ये आईच्या पाटल्या जातात. कोणत्या गोष्टीला हात लावायचा नाही, तेही त्याच कागदावर असावे : राहते घर, बहिणीच्या शिक्षणाचे पैसे, आजोबांच्या औषधाचे पैसे.

कर्जाविषयीही येथेच सांगितले पाहिजे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेमुळे तारणाशिवाय लहान कर्ज मिळण्याची सोय झाली. पहिल्या ‘शिशु’ गटाची मर्यादा ५०,००० रुपयांची. २००८ च्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात अनुदानाची तरतूद आली, परंतु ते अनुदान हातात रोख पडत नाही. तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि मग कर्जखाती वळते होते. चौकशीचे ठिकाण म्हणजे जिल्हा उद्योग केंद्र. ‘तारण नाही’ याचा अर्थ ‘परत द्यायचे नाही’ असा काहीजण करून घेतात. कर्ज थकले की नाव पत-नोंदीत खराब होते, आणि पुढे घरासाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी बँकेत गेल्यावर ते आठवण करून देते. अनुदान आहे म्हणून धंदा काढणे, म्हणजे बाशिंग स्वस्त मिळाले म्हणून लग्न करणे होय.

पहिले गिऱ्हाईक कोण?

हिशेब जुळला तरी तो कागदावर जुळलेला असतो. त्याची परीक्षा एकाच प्रश्नाने होते : पहिले गिऱ्हाईक कोण? मित्र आणि नातेवाईक यांची स्तुती ही मागणी नव्हे. ‘फार छान चटणी आहे गं’ असे दहा जणी म्हणतील; ‘दोन किलो पाठव, हे पैसे घे’ असे किती जणी म्हणतात, ते मोजावे. यंत्र घेण्यापूर्वी घरच्या उखळात कुटून वीस किलो विकून पाहावी. खानावळ काढण्यापूर्वी चार विद्यार्थ्यांचे डबे महिनाभर द्यावेत. शिकवणी वर्गासाठी जागा भाड्याने घेण्यापूर्वी घरच्या ओसरीवर पाच मुले टिकतात का, ते बघावे.

नुसत्या नावावर माल खपतो, या भ्रमातही राहू नये. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रात हा मान अगदी आरंभी मिळवणाऱ्या वस्तूंत त्या आहेत. तरीही परगावच्या बाजारात ‘सोलापुरी’ म्हणून दुसरीकडचा स्वस्त माल विकला जातो आणि गिऱ्हाईक तो घेते. जेथे शहराच्या प्रसिद्ध नावालाही रोज लढावे लागते, तेथे आपल्या नव्या नावाला कोण विचारणार? आपल्याकडूनच का घ्यावे, याचे एका वाक्यात उत्तर देता आले पाहिजे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याचे काय?

वाणिज्य शाखेचे मित्र थट्टेने म्हणतात, तुम्हाला जमाखर्च कळत नाही, तुम्ही काय धंदा करणार? जमाखर्च सहा महिन्यांत शिकता येतो. वर मांडलेला सर्व हिशेब सहावीच्या भागाकारात बसतो. आपल्याकडे कमतरता आहे ती वेगळी. आपल्याला काम हाताने केलेले नसते. यावर जुना उपाय उमेदवारीचा. ज्या धंद्यात उतरायचे, त्याच धंद्यात दुसऱ्याच्या दुकानी एक वर्ष काम करावे. पगार थोडा मिळेल, पण माल कोठून येतो, कोणत्या महिन्यात खप बसतो, कोण पैसे बुडवतो, हे दुसऱ्याच्या खर्चाने कळते. फाटकांनी जे वालचंदांच्या पेढीत आणले ते हेच ज्ञान होते.

आणि आपल्याजवळ काही आहेही. या शहरात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलणारा, त्याचे सण आणि अडचणी ओळखणारा, चार ओळींचे स्वच्छ पत्र लिहू शकणारा माणूस बाजारात स्वस्त नाही. भाषा, इतिहास, समाजशास्त्र हे विषय आपल्याला माणसे वाचायला शिकवतात; धंद्यात निम्मे काम तेच असते.

हिशेब मांडून उत्तर ‘नाही’ असे आले, तर त्यात कमीपणा मानू नये. धंदा न करण्याचा निर्णय विचाराने घेतलेला असेल तर तो भित्रेपणा ठरत नाही, जसा नोकरी मिळत नाही म्हणून काढलेला धंदा हा पराक्रम ठरत नाही. ‘आज नाही, दोन वर्षांनी’ हेही एक चांगले उत्तर आहे. त्या दोन वर्षांत उमेदवारी होईल, थोडी शिल्लक पडेल. आणि उत्तर ‘होय’ आले तर ते कोणाला दाखवण्यासाठी असू नये.

तेव्हा परीक्षा संपल्यावर ज्यांच्या मनात हा विचार असेल त्यांनी एक कोरा कागद घ्यावा आणि त्यावर चार प्रश्न लिहावेत. माझे पहिले दहा गिऱ्हाईक कोण, आणि त्यांतील कितीजणांनी पैसे दिले? माझी आणि घरच्यांची मजुरी धरून खर्च कधी भरून निघेल? पैसे उशिरा आले तर किती दिवस तग धरेन? बुडाले तर किती बुडालेले चालेल, आणि ते कोणाचे? हा कागद लिहून झाला की तो आधी आईला वाचून दाखवावा. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तिच्याजवळ असते.